मागच्या खोलीविषयी अधिकृत अज्ञान

लंडनच्या पिनर भागातील एका जोडघराचा सौदा वैजयंतीकाकू टिल्लू यांच्या स्वयंपाकघरात, दुसरा चहा होण्याच्या आत ठरला. घर घेणार होते लंडनच्याच दुसऱ्या टोकाच्या इल्फर्डचे जयंत आणि अनुया कारखानीस. काकूंना मुलीजवळ बेसिंगस्टोकला फ्लॅट घ्यायचा होता. अनुयाला सातवा महिना लागला होता आणि इल्फर्डच्या भाड्याच्या जागेत पाळणा आत आणायचा तर पलंग बाहेर काढावा लागणार होता. काकूंच्या यजमानांनी हयात असताना घरामागे मोठ्या हौसेने एक खोली वाढवली होती. तिथे सकाळभर ऊन येई. अनुयाने त्या उन्हात उभे राहून पाळण्याची जागा दाखवली आणि काकूंचे डोळे भरून आले.

दोन्ही पक्ष मंडळाच्या गणपतीपासून एकमेकांना ओळखत होते. भाव पटला होता, मने जुळली होती, कोणाला काही लपवायचे नव्हते. अशा वेळी व्यवहार भलताच लवकर पुरा होण्याचा धोका असतो. तो टळावा म्हणून ब्रिटनमध्ये दोन्ही बाजूंनी सॉलिसिटर नेमण्याची उत्तम पद्धत आहे.

जयंतने दिना पेणकर हिला नेमले. दिनाची आजी भायखळ्याहून लंडनला आलेली. दिनाची मराठी आजीकडूनच मिळालेली, वाटेत थोडी सांडलेली. मुलगी मात्र मनाने चांगली होती आणि पहिल्या भेटीत तिने सगळ्या शंकांची उत्तरे दिली.

"सॉलिसिटर नक्की करतो काय?" जयंतने विचारले.

"वी रेझ एन्क्वायरीज. प्रश्न विचारतो."

"काकूंना?"

"नो, नो! त्यांच्या सॉलिसिटरला. तो काकूंना विचारतो. मग काकू त्याला सगळा माहिती देतात. मग तो ठरवतो की काय नाय सांगायचं."

"आणि या सगळ्याला वेळ किती लागतो?"

"आठ-बारा वीक्स."

"कधीपासून धरायचे?"

दिनाने थोडा विचार केला. "तसं धरलं नाय तर जास्त बरं वाटतं," ती म्हणाली.

पुष्कळ वाट पाहिल्यावर पलीकडून पहिले उत्तर आले. प्रश्न होता : मागची खोली बांधताना कौन्सिलची (म्हणजे तिथल्या नगरपालिकेची) मंजुरी घेतली होती काय? उत्तर होते : विक्रेतीस माहीत नाही, खरेदीदाराने स्वतःच्या तपासणीवर विसंबावे.

जयंतने रविवारी लगेच तपासणी केली. म्हणजे तो त्याच खोलीत, त्याच काकूंसमोर बसला आणि चकली खाता खाता त्याने त्यांना विचारले.

"अरे, घेतली होती की!" काकू म्हणाल्या. "कौन्सिलचा माणूस सगळं मोजून गेला. ह्यांनी त्याला चिवडा दिला, तर डब्यात घालून घरी नेला त्यानं."

"मग तुम्ही माहीत नाही असं का लिहिलंत?"

"मी कुठं लिहिलं? वकील म्हणाले, कागद हाताशी नसेल तर माहीत नाही असं लिहू या. मी म्हटलं, अहो, पण मला आठवतंय! तर म्हणाले, मॅडम, प्लीज, थोडा प्रयत्न करा."

जयंतने ही आनंदाची बातमी सोमवारी दिनाला फोनवर सांगितली.

"तुम्ही सेलरला विचारलं?" दिना म्हणाली. "डायरेक्ट?"

"चूक झाली का?"

"मी ऐकलंच नाय, ओके? कारण मी ऑलरेडी सोल्यूशन काढलंय. मंजुरी आहे की नाय हे कोणाला माहीत नाय, तर आपण त्याचा इन्शुरन्स घेऊ. उद्या मंजुरी नाय निघाली तर कंपनी पैसे देईल. लोनसाठी बँकेला चालतं. फक्त एकच कंडिशन. कौन्सिलला कोणी काय विचारायचं नाय. विचारलं की पॉलिसी मिळत नाय."

जयंतने घाईने फोन ठेवला आणि अनुयाला हाक मारली. कारण अनुया पुण्याची होती. साधा कुकर घ्यायचा तरी चार दुकाने आणि दोन मावश्यांकडे चौकशी केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. घर घेताना तर तिने शेजारी, पोस्टमन आणि कोपऱ्यावरचा न्हावी यांच्याकडे चौकशी केली होती. आणि त्या दिवशी सकाळीच ती कौन्सिललाही फोन करून मोकळी झाली होती.

"इतका गोड माणूस होता," अनुया सांगत होती. "बोलता बोलता त्याने सर्टिफिकेट शोधून ईमेलसुद्धा केलं. खोली एकदम कायदेशीर आहे!"

खोली कायदेशीर निघाल्यामुळे सगळेच घोडे अडले. बँकेने कर्जाच्या अटीत 'पॉलिसी' असे लिहिले होते. पॉलिसी फक्त माहिती नसणाऱ्यांना मिळत होती. सर्टिफिकेट सगळ्यांकडे होते, पण ते कोणाच्याच अटीत बसत नव्हते.

"अगं, पण सर्टिफिकेट असताना पॉलिसी हवी कशाला?" जयंत दिनाला म्हणाला.

"मला पटतं. पण बँकेला सांगितलं तर बँक म्हणेल, यांच्या घरात काय तरी नवीन सापडलंय. मग सर्व्हेअर परत येणार, फाईल परत पहिल्यापासून."

आठवा महिना सरला. बेसिंगस्टोकच्या फ्लॅटचा मालक आता दुसरे गिऱ्हाईक बघतो म्हणू लागला. पाळणा खोक्यातून आला आणि इल्फर्डच्या दारात उभाच राहिला. त्याच्या कडेने तिरके होऊन बाथरूमला जाताना अनुया एकदा मध्येच खाली बसली आणि रडली. "मी कशाला विचारलं रे?" असे ती म्हणाली, तेव्हा मात्र जयंतचे डोके फिरले. सरळ प्रश्न विचारल्याबद्दल आपल्या बायकोला रडावे लागते, याचा त्याला मनापासून राग आला आणि तो दिनाच्या ऑफिसात जाऊन थडकला.

"खोली आहे. मंजुरी आहे. काकूंना आठवतंय, कौन्सिलला आठवतंय. मग अडचण आहे कोणाला?"

"फाईलला," दिना म्हणाली. तिचाही चेहरा उतरलेला होता.

तोडगा शेवटी काकूंच्या सॉलिसिटरने काढला. खरेदीदाराला माहिती झाल्यामुळे पुढेमागे होऊ शकणाऱ्या नुकसानीचा विमा निघतो, असे त्याने कळवले. अट साधी होती. घर घेणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनीही मंजुरीचा विषय यापुढे कोणाजवळही काढू नये आणि कोणी विचारलेच तर आपल्याला माहीत नाही असे सांगावे. बँक खूश झाली. काकूंनी चार वेळा आरशासमोर तालीम केली आणि सही केली. अनुयाला मात्र ते अवघड गेले. माहीत असून न सांगणे तिच्या माहेरी कोणालाच जमलेले नव्हते.

पण जमवले तिने. किल्ल्या हातात आल्या आणि चारच दिवसांनी हॉस्पिटलातून तान्ही मायरा थेट पिनरला आली. काकूंनी बेसिंगस्टोकहून डिंकाचे लाडू पाठवले. पाळणा बरोबर उन्हात बसला. जयंतचा जीव भांड्यात पडला आणि दिनालाही बारशाचे आमंत्रण गेले.

बारशाला निम्मे मंडळ लोटले. सगळ्यांनी बाळाकडे पाहिले आणि मग छताकडे पाहिले.

"खोली झकास आहे हं. परमिशन वगैरे आहे ना?"

"माहीत नाही," जयंत म्हणाला. अनुयाने तोंडात अख्खा पेढा कोंबला. दिना घाईघाईने मायराचे कौतुक करू लागली.

तर वाचकहो, खोलीला मंजुरी आहे, ही गोष्ट आता तुम्हालाही कळली आहे. ती कोणाजवळ बोलू नका, मायरा आत्ताच झोपली आहे. आणि अगदीच राहवत नसेल, कौन्सिलला फोन करून खातरजमा करावीशी वाटत असेल, तर आधी तुमच्या स्वतःच्या घरामागच्या त्या वाढवलेल्या खोलीची करा.

ठेवलात ना फोन खाली?