थिनरच्या कारखान्यात बाईंचं स्वागत

हेमलता बनसोडे तपासणीला येणार हे कळलं आणि किशोर ढमाल्यांची झोप उडाली. पिरंगुटच्या पुढं, स्वतःच्या जमिनीवर, त्यांनी थिनरचा कारखाना उभा केला होता. थिनरला एक ठिणगी पुरते आणि बाईंना एक चूक. औद्योगिक सुरक्षा खात्याच्या या बाईंनी नुकताच जवळचा एक कारखाना बंद केला होता. तिथला मालक मंत्र्यांची नावं घेत राहिला, बाई कुलूप कुठं मिळेल ते विचारत राहिल्या.

खरं तर ढमाल्यांचा कारखाना चोख होता. बाई तशाच आल्या असत्या, तर पाहून समाधानानं परत गेल्या असत्या. पण पाहुणा येणार आणि थाट नाही, हे ढमाल्यांच्या घरात बसत नव्हतं.

"मांडव घाला!" किशोररावांनी फर्मावलं.

"कुटं घालू?" मांडववाल्या शंभूनं विचारलं.

मोकळी जागा एकच होती. धोक्याचा भोंगा वाजला की सगळ्यांनी जमायची. मांडव तिथंच उभा राहिला. दोर बांधायला आग विझवायचा लाल नळ भक्कम दिसला. जेवणाचा टेम्पो मागच्या, संकटात पळायच्या दाराशी लागला. वाऱ्याची दिशा दाखवणारी उंचावरची कापडी पिशवी मळकी दिसते म्हणून किशोररावांच्या आईंनी, साळूबाईंनी, ती उतरवून धुवून वाळत घातली.

"मालक, वारा कुनीकडनं येतोय ते कसं कळंल?" गेटवरच्या नथूनं विचारलं.

"बाईंला वाऱ्याशी काय करायचंय?"

बाई जीपमधून उतरल्या, तर गेटच्या आत साळूबाई ताट घेऊन उभ्या. निरांजन लावायला त्यांनी काडेपेटी उघडली.

"थांबा!"

बाईंनी काडेपेटी काढून घेतली, स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि पर्स बाहेर जीपमध्ये ठेवायला दिली. "ही आत आलीच कशी?"

"मालकाच्या आईची झडती कशी घ्यायची, म्याडम?" नथू पुटपुटला.

साळूबाई हिरमुसल्या. "कुकू तरी लावू का?"

"लावा. ते पेट घेत नाही." बाईंनी कपाळ पुढं केलं आणि तशाच स्वरात म्हणाल्या, "भोंगा वाजवा."

सराव होता, पण शिस्त अशी की क्षणात कामगार ठरल्या जागी, म्हणजे मांडवात, आले. समोर खुर्च्या दिसल्या, बसले. पंगत बसली असं समजून वाढप्यांनी मसालेभात वाढला. पर्यवेक्षक प्रियंकानं गर्दीतून फिरून शिरगणती केली आणि ओरडली, "एक माणूस कमी!"

कमी होते किशोरराव. टेम्पो हटवायला धावले आणि दार नि टेम्पो यांच्या फटीत पोटापाशी अडकले. तोंडाला मास्क लावलेल्या कारखान्याच्या बचाव पथकानं त्यांना उपसून काढलं, स्ट्रेचरवर बांधलं आणि फेट्यासकट बाईंसमोरून नेलं.

"आरं, मी बरा हाय!"

"गप पडा, मालक. नियम हाय."

बाई हसल्या नाहीत. मग त्या कारखानाभर फिरल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी टाकीवर चढल्या, प्रत्येक झडपेला स्वतः हात लावून आल्या. असा माणूस आपल्या तालुक्याला लाभला याचा कुणालाही अभिमान वाटावा.

"बाई, कारखाना बंद नका करू," किशोरराव स्ट्रेचरवरूनच म्हणाले. "लई घरं हायेत याच्यावर."

"त्या घरांसाठीच तर मी येते. कारखाना चांगला आहे, तो चालू राहील. मनाई फक्त स्वागताला. मांडव आत्ता उतरवा."

"आन् जेवान?"

"रस्त्यापलीकडे वाढा. माझा डबा आहे."

दोन महिन्यांनी बाई न कळवता आल्या. मांडव नव्हता, पिशवी वाऱ्यावर डुलत होती. नथूनं गेट अडवलं.

"मोबाइल हितं ठेवा. पर्स उघडा."

"मी कोण, ठाऊक आहे ना?"

"व्हय. आता मालकाच्या आईलाबी सोडत न्हाई."

पर्समधून साळूबाईंची काडेपेटी निघाली.

नथू गारठला. किशोरराव धावत आले. "सोड रं त्यांना!"

"मुळीच सोडायचं नाही," बाई म्हणाल्या. त्या मुकाट्यानं मागं सरल्या, काडेपेटी जीपमध्ये ठेवून आल्या आणि पर्स पुन्हा नथूपुढं उघडली. काडेपेटी विसरून राहिली होती की मुद्दाम ठेवली होती, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. नथूनं मान हलवेपर्यंत बाई उन्हात उभ्या राहिल्या, आणि तिथं पहिल्यांदाच हसल्या.

"किशोरराव, स्वागत असं करायचं असतं."