सालमभाईंचे ओठ

रंगमंचावर कुणीही बोलत असलं, तरी सालमभाई चाऊसांचे ओठ हलायचे. राजा बोलो की दासी, आवाज बोलणाऱ्याचा, पण ओठ सालमभाईंचेही.

सालमभाईंचे आजोबा अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आले. निजामी गेली, आजोबांची बंदूक गेली. राहिला तो पहाडी आवाज आणि मुरुम गावच्या पेठेतलं सायकलचं दुकान. आमच्या नाटक मंडळाची तालीम तेच घेत, पडदाही तेच ओढत. "पात्र सांगा मास्तर, मानूस तयार हाय," हे त्यांचं पालुपद. सासूचं काम होतं त्या साली आठवडाभर गिऱ्हाइकांना टोमणे मारत पंक्चर काढत होते.

मी शाळेत मास्तर आणि मंडळाचा चिटणीस. अभिनय येत नाही म्हणून चिटणीस, आणि चिटणीस म्हणून दरसाल भालदाराचं एक वाक्य.

सालमभाईंची दुसरी खोड म्हणजे रंगमंचावर असताना सदा प्रेक्षकांतल्या बायकांच्या बाजूला तोंड. त्यावरून गावात कुजबूज होतीच.

एका साली तालुक्याची नाट्यस्पर्धा मुरुमात भरली. बक्षिसाची ढाल आपल्याच गावात राहावी म्हणून मी बजावलं, "सालमभाई, औंदा ओठ बंद. न्हाय तर मंडळातून नाव काढावं लागंल."

"व्हय मास्तर," ते खाली बघत म्हणाले.

तरीही खबरदारी म्हणून मी त्यांना पहिल्याच अंकात मरणारा बाप केलं. मेलेला माणूस काय ओठ हलवणार?

बाप वेळेवर मेला. लेक विलाप करू लागला. आणि प्रेतानं हळूच बायकांकडं मान वळवून अख्खा विलाप बिनआवाजी म्हटला. मांडव हसून लोळला. ढाल परगावी गेली.

घरी येऊन मी कडाडलो, "घरात बायको असताना ह्यांना बायकांकडं बघायची खोड."

"बायकोकडंच बघतेत की," आमची ही म्हणाली. "तापात कान गेले जुलेखाभाभीचे, चार वर्षं झाली. ओठ बघून वळखती सगळं. माझ्याशेजारीच बसती. आमचं हसून झाल्यावर हसती, पर हसती."

"मला कसं माहीत न्हाय?"

"तुमी चिटणीस ना. वहीतनं मान वर कवा काढता?"

सकाळी दुकानात गेलो. सालमभाई चाकातून मान वर न काढता म्हणाले, "नाव काढा मास्तर. पडदा तेवढा ओढू द्या."

"पुढच्या साली तुम्ही राजा," मी म्हणालो. "मी भालदार. वाक्य किती सावकाश म्हणू, तेवढं सांगा."

पुढच्या साली मी बायकांकडं तोंड करून, ओठ नीट उघडून म्हटलं, "महाराज, शत्रू वेशीपाशी आला." सिंहासनावर सालमभाई ओठ मिटून बसले होते.

बायकांतून एकटंच कुणीतरी खुदकन हसलं. वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पण म्हणणारा मी होतो.