हैबतरावांच्या अश्वास ताप आला त्याची हकीकत

श्री. चाकांस जो गती देतो आणि तापल्यास निववितो, त्या नाव ठाऊक नसलेल्या देवास दंडवत घालून लिहावयास आरंभ केला ऐसीजे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, माघ मासी, एके राज्यी हैबतराव म्हणोन सरदार नांदत होते. राज्याचे नाव पुसू नये. एक पेठ, एक पार आणि पुढे धोंडघाट, इतकाच त्याचा विस्तार. रावांचे पदरी एक काळा अश्व होता, दोन चाकांचा, पेट्रोल पिणारा, आणि त्यावर पुढे राव व मागे त्यांचे कुटुंब भामाबाईसाहेब, ऐसी अकरा वर्षे स्वारी चालली होती. बाई रावांचे खांद्यावर हात ठेवीत, आणि वळण आले म्हणजे तो हात घट्ट होई, आणि राव मुद्दाम वळणावळणाची वाट धरीत, हे अवघ्या पेठेस ठाऊक होते.

ते साली रावांचे मनात आले की अश्वाने ऐसे खिंकाळावे की पारावरील मंडळी दचकून उभी राहावी. मग जुना सायलेन्सर काढविला आणि मोकळी लखलखीत नळी बसविली आणि नाद थोर जाहला आणि राव फुगले. परंतु तिसरे दिवशी अश्वास ताप भरला. इंजिन ऐसे तापे की रावांच्या मांड्या भाजू लागल्या, आणि वेगाची मूठ सैल सोडताच नळीतून फटाफट बार निघत, आणि चढ लागला की दम जाऊन अश्व जागीच उभा राही. मग रावांनी स्वबुद्धीने उपाय केले. दाट ऑइल घातले, गुण नाही. नळीस पट्टी गुंडाळली, तो ताप आतच कोंडला. मग तापल्या इंजिनावर तांब्याभर पाणी ओतले, तो चर्र ऐसा आवाज होऊन राव स्वतःच भ्याले. आणि पट्टी सोडवून ठेविली त्याच दिवशी उतरताना बाईंचे पोटरीस नळी लागली आणि जांभळाएवढा फोड आला.

बाई म्हणाल्या, "आता मी काय याच्यावर बसत न्हाई. परवा दादाचं लगीन हाय घाटावर. मी एस्टीनं जाते, तुमी या तुमचा ताशा वाजवत."

हे ऐकोन रावांचे काळीज चरकले. लढाईत हार जाहली असती तरी इतके वाईट वाटले नसते. "एकडाव बस गं," राव म्हणाले. बाई म्हणाल्या, "बसते. पर घाटात उभा ऱ्हायला तर तितंच उतरीन, आन् पुन्यांदा कंदी बसायची न्हाई." रावांनी वचन दिधले आणि दोघे अश्व ढकलीत पेठेतील दस्तगीर मिस्त्रींकडे गेले.

मिस्त्री पन्नाशीचे, अश्वविद्येत निष्णात, बोलणे थोडे. त्यांनी इंजिन निवू दिले आणि प्लग काढून उजेडात धरिला. प्लग खडूसारखा पांढरा. मिस्त्री म्हणाले, "राव, याला ताप नाय, भूक लागलीय. हवा मोकळी खेळते अन् पेट्रोल मिळंना. कारब्युरेटरात जेट कुठला हाय?"

राव म्हणाले, "आहे तोच आहे."

मिस्त्रींनी कारब्युरेटर खोलिला आणि त्यातून जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी इवली तोटी, काढिला, तो मूळच्याहून दोन नंबर बारीक. आणि बाजूचा स्क्रूही आवळलेला. "हे कुणी केलं?" मिस्त्रींनी पुसले. राव आभाळाकडे पाहू लागले. मग बाईंनी नुसते "अहो" म्हटले, आणि राव कबूल जाहले. गतसाली पारावर ॲव्हरेजची पैज लागली होती, आणि आपला अश्व एका लिटरात सर्वांहून दूर जातो ऐसे मिरवावे म्हणोन रावांनी परगावी जाऊन गुपचूप तोटी बारीक करविली होती. जुनी नळी अरुंद, श्वास थोडा, म्हणोन तितक्यात निभावले. नवी नळी मोकळी जाहली आणि घास तेवढाच राहिला.

बाई म्हणाल्या, "अकरा वर्सं ज्याच्या पाठीवर हिंडलो, त्याला उपाशी ठिवलंत? पारावर मिरवाया?"

मिस्त्रींनी मोठा जेट बसविला, स्क्रू बेताने उघडिला, नळीवर बाईंचे पायाकडून जाळीची ढाल लाविली, आणि फेरी मारून पुन्हा प्लग पाहिला, तो भाजल्या विटेचा रंग. "आता धाव घेईल," मिस्त्री म्हणाले, "पर ॲव्हरेज इसरा."

मग लग्नाचे दिवशी स्वारी निघाली. धोंडघाटाची सात वळणे, प्रत्येक वळणी रावांचे कान इंजिनाकडे. पाचवे वळणी मागे अश्व उभा राहत असे, ते गेले. सहावे गेले. सातवे गेले, आणि अश्व माथ्यावर एका दमात आला, आणि मूठ सोडली तरी एक बार निघाला नाही.

मांडवाचे दारी एक पाहुणे अश्व न्याहाळून म्हणाले, "राव, नळी झ्याक हाय. ॲव्हरेज किती देतो?"

राव म्हणाले, "पोटभर खातो, पाव्हणं."

तेथे वळण नव्हते, तरी खांद्यावरील हात घट्ट जाहला.

एकूण हकीकत इतकीच. घास वाढविला, ताप उतरला. ॲव्हरेज घटले, पारावरील मान घटला, मागली बैठक राहिली. राव संतोष पावले. कागद पुरा जाहला.