मोकाशीकाकांनी कंडेम न केलेला कॉम्प्युटर

आम्ही अंबरनाथला राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या दारातून एक उंच, वाळके गृहस्थ आले. "मी मोकाशी," म्हणाले आणि थेट आमच्या फ्रिजवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करून, मान तिरकी करून उभे राहिले. फ्रिजनं काय उत्तर दिलं कुणास ठाऊक!

"कंडेम!" मोकाशीकाका म्हणाले.

मग मिक्सर, मग कपाट, मग आमच्या ह्यांची स्कूटर. चहा होईपर्यंत माझा निम्मा संसार भंगारात गेला होता. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी रिकाम्या कपालाही टिचकी मारली. कप तेवढा पास झाला.

काका इथल्याच एका मोठ्या कारखान्यात स्टोअर्सला होते. कुठला पंखा, कुठली मोटार, कुठली खुर्ची आता दुरुस्तीच्या पलीकडे गेली, हे ठरवायला तिथे एक कमिटी असायची. तिच्यात हे तीस वर्षं. "चौघांची कमिटी, पण ऐकायचो मी. बाकीचे सह्या करायचे," असं ते कॉलर ताठ करून सांगतात. वस्तूवर टकटक करायची, ऐकायचं आणि शेरा द्यायचा. "शुभांगी, डोळे फसतात. आवाज खोटं बोलत नाही," हे वाक्य मी निदान दोनशे वेळा ऐकलंय, आणि त्यातल्या बहुतेक वेळा हातात दुधाची पिशवी गळत असताना.

माणूस रिटायर झाला, पण कानाला ते कुणी कळवलंच नाही. स्टेशनबाहेरचा कलिंगडवाला काका दिसले की गाडीवर ताडपत्री ओढायचा, कारण हे उभे राहून एकेक कलिंगड वाजवून बाद करायचे, तेही इतर गिऱ्हाइकांसमोर. स्वतः एकही घ्यायचे नाहीत! माझ्या नणंदेला बघायला मुलगा आला, तेव्हा हे आमच्याकडे साखर परत करायला आले होते. मुलगा एकदाच हसला. तो जिना उतरायच्या आत काका मला म्हणाले, "हसण्यात खरखर आहे. कंडेम." मी इतकी चिडले की साखरेची वाटी त्यांच्या हातातून हिसकावून घेतली. पुढे त्या मुलाचं आधीच एक लग्न झालेलं निघालं, तो भाग वेगळा.

कान होता, हे मान्य करायलाच हवं. सोसायटीच्या पंपाचं बेअरिंग गेलंय हे त्यांनी तिसऱ्या मजल्यावरून, दात घासता घासता सांगितलं होतं. चार दिवसांनी पंप जळला. आम्ही सगळे बादल्या घेऊन जिन्यात, आणि हे कठड्याशी हात मागे बांधून उभे, चेहऱ्यावर असा आनंद की जणू नातू झालाय.

या माणसाचा एकच शौक होता. त्यांच्याकडे एक जुना, पिवळा पडलेला कॉम्प्युटर आहे. रोज संध्याकाळी काकू टीव्हीवर मालिका बघायच्या आणि हे शेजारी बसून, डोक्याला हेडफोन लावून, बंद पडलेली इंजिनं चालू करण्याचे व्हिडिओ ऐकायचे. बघायचे नाहीत हं, डोळे मिटून ऐकायचे. कुठल्या तरी परमुलखातला ट्रॅक्टर गवतात वर्षानुवर्षं सडत पडलेला, त्याला कुणी तरी हँडल मारतोय, आणि इकडे अंबरनाथमध्ये मोकाशीकाका ओरडतायत, "अरे, तिसरा सिलिंडर मेलाय रे गाढवा!"

एके दिवशी काकू केर काढत होत्या, तेव्हा केरसुणीत हेडफोनची वायर अडकली. पिन वाकली आणि कॉम्प्युटरमधला तिचा सॉकेट खिळखिळा झाला. काकांनी संध्याकाळी हेडफोन लावला आणि जाहीर केलं, "उजवी बाजू मुकी झाली."

मी म्हटलं, चला, एकदाचा गेला हा डबा. "मग काय काका, कंडेम?"

काकांनी वाकडी पिन उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "अभ्यास करावा लागेल."

मोकाशीकाका आणि अभ्यास! ज्या माणसानं माझ्या नणंदेचं स्थळ अर्ध्या मिनिटात निकालात काढलं, तो एका चिमूटभर भोकाचा चार महिने अभ्यास करत होता. बिल्डिंगमध्ये प्रत्येकाचं मत घेऊन झालं. आमचे हे म्हणाले, यूएसबीला लावायचं एक बारकं खेळणं मिळतं, लावून टाका. "ही दुरुस्ती नव्हे, पळवाट आहे." पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, बिनवायरीचा घ्या. "त्याला विचारलंय कुणी?" बदलापूरला त्यांचा कमिटीतला एक जुना सोबती राहतो, त्याच्याकडे मुद्दाम जाऊन आले. तो म्हणाला, फेकून दे. त्याचाही अभ्यास कमी पडला.

दुरुस्त करायचा म्हटलं तर "घाई नको". टाकायचा म्हटलं तरी "घाई नको". आणि एवढं करून जो भेटेल त्याला ऐकवायचं, की सॉकेट गेलाय, त्यामुळे उजवीकडचं काही ऐकू येत नाही. असं सांगायचे की जणू अख्खी बिल्डिंगच त्या सॉकेटला जोडलेली आहे.

त्यात माणूस शिष्ट व्हायला लागला. जिन्यात मी "काका, बरं आहे ना?" विचारलं तर सरळ पुढे निघून गेले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये शेजारी बसलेल्या सेक्रेटरीनं तीनदा विचारलं, गच्चीच्या कामाला तुमची संमती आहे ना? काका समोर भिंतीकडे बघत बसले, आणि पाच मिनिटांनी उठून गटारावर भाषण केलं. सेक्रेटरीनं बोलणं टाकलं. मीही घरी येऊन म्हटलं, माजलाय म्हातारा!

शेवटी एका रविवारी माझं डोकं फिरलं. मी त्यांच्याकडे गेले, कॉम्प्युटरच्या वायरी उपटल्या आणि तो डबा उचलला. "चला उल्हासनगरला, कॅम्प तीनला. आज काय तो निकाल लावू." काका नाही-होय करत चपला शोधत राहिले. काकू म्हणाल्या, "अगं, राहू दे ना, कशाला उन्हाची?" पण मी ऐकते कुणाचं! दोन शेअर रिक्षा बदलून, मांडीवर तो डबा घेऊन, आम्ही उल्हासनगरला पोचलो.

एका बाजूला जीन्सचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला मोबाइलची कव्हरं, आणि मध्ये हरेशभाईंचं हातभर दुकान. मी नोकरी करते त्या शाळेच्या ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर तेच बघतात. त्यांनी झाकण उघडलं, फुंकर मारली आणि हसले. "अरे साईं, टांका उखड गया है बस. दस मिनिट का काम."

"घाई करू नका," काका म्हणाले. "आधी पूर्ण तपासा."

"अंकल, तपास लिया! आप चाय पियो."

चहा संपायच्या आत हरेशभाईंनी सोल्डरचा डाग दिला, दुकानातला हेडफोन लावला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. गाणं एकदम दोन्ही कानांत भरलं. मी आनंदानं काकांच्या डोक्यावर हेडफोन चढवला.

ते डोळे मिटून ऐकत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "नाही जमलं. उजवी बाजू मुकीच आहे."

"क्या बात करते हो? चकाचक बज रहा है!"

"काका, मी आत्ता ऐकलं की. बरं, उलटा लावून बघा," मी म्हटलं. "डावीकडचा उजवीकडे."

त्यांनी हेडफोन काढून हातात धरला. उलटा केला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लावला होता. घरी. पहिल्याच दिवशी."

मला कळायला एक क्षण लागला. बाजू मुकी नव्हतीच. कान गेला होता. उजवा कान!

"तिच्या केरसुणीनं सॉकेट हलला, ते खरं," काका म्हणाले. "पण कान त्याच्या आधी महिनाभर गेला होता. मला वाटलं, देवानं निमित्त पाठवलं. सॉकेट बिघडलेला आहे तोवर सांगायला काही तरी आहे ना, शुभांगी."

"अहो काका, डॉक्टरला दाखवू या. हल्ली मशिनं मिळतात, उपाय असतात."

"शेरा अर्ध्या मिनिटात देतात. मी आयुष्यभर दिलेत." ते हेडफोनची वायर गुंडाळत होते. "आणि तिला कळलं, तर ती बोलायची बंद होईल. म्हणेल, यांना कशाला उगीच त्रास. ती दिवसभर बडबडते आणि मी ऐकतो. दोघांत आता तेवढंच आहे गं."

मला स्वतःच्या जिभेची लाज वाटली. काय काय बोलले होते मी या माणसाला!

मग काकांनी हरेशभाईंना सांगितलं, "तो डाग काढून टाका. होता तसा करा."

हरेशभाई आधी हसले, मग माझ्याकडे बघू लागले. "मॅडम, पैसा देके बिगाडना है?"

"हो," मी म्हटलं. "बिगाड दो."

त्यांनी सॉकेट पुन्हा सैल केला. पैसे घेतले नाहीत.

घरी पोचलो तेव्हा काकू दारातच होत्या. त्या काकांना वळसा घालून पलीकडे गेल्या, त्यांच्या डाव्या हाताला उभ्या राहिल्या आणि मग विचारलं, "झालं का हो?"

"नाही. जुना पार्ट आहे, मिळत नाही म्हणाला."

"बरं. असू दे."

काका खोलीत वायरी जोडत बसले. काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "खरंच नाही ना झालं दुरुस्त?"

"नाही काकू."

"सुटले बाई!" त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "दुरुस्त झालं असतं तर काय सांगितलं असतं त्यांनी मला? मी चार महिने डावीकडे बसतेय. त्यांना सांगितलंय, तिकडे पंख्याचा वारा बरा लागतो."

बाहेरून काकांची हाक आली, "अगं, चहा टाकलास का?"

काकूंनी आतून उत्तर दिलं नाही. गॅस बारीक केला, हात पुसले, बाहेर गेल्या, डावीकडच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "टाकलाय. आलं घातलंय थोडं."