माझ्याविरुद्ध माझीच तक्रार

फॉर्म भरावा तर मी! हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेल म्हणून बावीस वर्षं वाट पाहिली आणि कुणी सांगितलं नाही. ‘चौकोनात खूण करा’ म्हटलं की माझी खूण चौकोनातच बसते, रेषेला शिवत नाही. ‘दोनशे शब्दांत लिहा’ म्हटलं की मी बरोबर दोनशे लिहिते आणि मग पुन्हा मोजते. आमच्या सरकारी दवाखान्यात कुणालाही बदलीचा, रजेचा, पोराच्या शाळेचा अर्ज भरायचा असला की तो औषध भांडाराच्या खिडकीशी येतो. औषधासाठी नाही, माझ्यासाठी. मी त्या भांडाराची भांडारपाल.

तेव्हा ती जाहिरात पाहिली आणि मी खुर्चीवरून उठलेच! विकसनशील देशांतल्या नोकरदारांसाठी पूर्ण शिष्यवृत्ती. नोकरी सोडायची नाही, घर सोडायचं नाही, दूरशिक्षणाने पदव्युत्तर पदवी घ्यायची. विषय, औषधपुरवठ्याचं व्यवस्थापन! वयाची अट पंचेचाळीस. माझी पंचेचाळीशी चार महिन्यांवर आलेली.

“अहो, ही शिष्यवृत्ती माझी,” मी नवऱ्याला सांगितलं.

“वा! निकाल लागला?”

“अर्ज भरायचाय अजून.”

“मग ठीक आहे,” असं म्हणून ते पुन्हा पेपर वाचू लागले. माझा नवरा गणिताचा शिक्षक आहे. पायऱ्या गाळलेल्या त्यांना चालत नाहीत.

सासूबाई मात्र चष्मा वर करून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना माहीत होतं. तेवीस वर्षांपूर्वी मला अशाच शिक्षणासाठी परगावी प्रवेश मिळाला होता. बॅगसुद्धा भरली होती, आणि वडील अंथरुणाला खिळले. बॅग रिकामी केली, नोकरी धरली, पुढे लग्न, पोरं, त्यांच्या परीक्षा. मी कधी रडले बिडले नाही. पण कुणी नावापुढे पदवी लावून सही केली की मी आजही ती सही दोनदा वाचते, ते खरं.

“यंदा नाही तर मग नाहीच ना गं?” सासूबाई म्हणाल्या.

“नाहीच.”

“मग भर नीट. चौकोनात वगैरे.”

अर्जात मुख्य गोष्टी दोन. एक, संस्थाप्रमुखाचं पाठिंब्याचं पत्र, सही-शिक्क्यासह. दुसरी, निबंध. ‘तुमच्या कामाच्या ठिकाणी काय चुकतंय ते स्पष्ट लिहा.’ आणि खाली ठळक अक्षरात, ‘निबंधावर कुठेही स्वतःचं नाव लिहू नये.’

स्पष्ट लिहायला सांगितल्यावर मी काय अस्पष्ट लिहिणार? पहाटे उठून आठ दिवस लिहिला. मुद्दे नऊ. लसींच्या फ्रिजमध्ये लसींच्या शेजारी कर्मचाऱ्यांचे जेवणाचे डबे असतात. तापमानाची वही सोमवारी सकाळी शनिवारपर्यंत भरून टाकतात. शिडी नसल्यामुळे वरच्या फळीवर काय आहे हे कुणालाच माहीत नाही, बहुधा खोकल्याचं औषध असावं. छत गळतं ते नेमकं ‘कोरड्या जागी ठेवा’ लिहिलेल्या खोक्यांवर. असे नऊ. निबंध इतका सुंदर उतरला की मी तो स्वतःच तीनदा वाचला.

आणि इथे माझी अक्कलदाढ आडवी आली. निबंध मला संगणकावरून परस्पर पाठवायचा होता, दवाखान्यात दाखवायची काहीच गरज नव्हती. पण आपल्या वैद्यकीय अधीक्षक साहेबांनी सही करताना तो वाचावा, ‘अरे वा’ म्हणावं, एवढा मोह झाला! निबंधाची एक प्रत छापून मी पाठिंब्याच्या पत्रामागे टाचणीने लावली आणि दोन्ही आवककाकांकडे दिलं.

आवककाका म्हणजे आमचे हेडक्लार्क. दवाखान्यात आलेल्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांक पडलाच पाहिजे, हा त्यांचा धर्म. एकदा त्यांच्या टेबलावर कुणीतरी किराणा सामानाची यादी विसरलं, तिलाही क्रमांक पडला आणि ती पुढील कार्यवाहीसाठी स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्याच दिवशी सही-शिक्क्याचं पत्र परत आलं. मी सगळं पाठवून दिलं आणि मजेत कामाला लागले. मागची प्रत कुठे गेली हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

आठ दिवसांनी आवककाका स्वतः खिडकीशी आले. चेहरा पडलेला.

“मॅडम, वाईट बातमी आहे. तुमच्याविरुद्ध तक्रार आलीय.”

“माझ्याविरुद्ध? कुणी केली?”

“निनावी आहे. पण माणूस भयंकर! नऊ मुद्दे घातलेत. तीन दिवसांत खुलासा द्या.”

त्यांनी कागद पुढे केला. माझाच निबंध! वर लाल शिक्का, आवक क्रमांक, साहेबांचा शेरा: ‘संबंधित भांडारपाल यांनी खुलासा करावा.’ एका टाचणीला एकच विषय, हाही आवककाकांचा नियम. पत्राचा विषय शिष्यवृत्ती, म्हणून ते एका फायलीत गेलं. निबंधात दवाखान्याचे दोष, तेही क्रमांक घालून, आणि खाली नाव नाही. म्हणजे निनावी तक्रार! त्यांच्या हिशेबाने त्यांचं काही चुकलंच नव्हतं.

मी “अहो काका, हा तर माझा...” एवढं म्हटलं आणि थांबले, कारण ते म्हणाले, “साहेब चिडलेत. म्हणतात, ज्याने हे लिहिलंय त्याची एकही शिफारस, एकही पत्र या दवाखान्यातून जाणार नाही. गेलेलं असेल तर परत मागवू!”

माझं पत्र गेलेलंच होतं.

घरी सगळं सांगितलं तेव्हा नवरा शांतपणे म्हणाला, “म्हणजे तक्रार करणारी तू, जिच्याविरुद्ध केली ती तू, आणि उत्तर देणारीही तूच. समीकरण सोपं आहे. लिही, तक्रार खोटी आहे.”

“पण ती खरी आहे!”

“मग लिही, खरी आहे.”

“मग मी दोषी ठरते!”

“हां,” ते म्हणाले. “मग समीकरण सोपं नाही.”

सासूबाई म्हणाल्या, “खोटं लिहू नकोस गं. तुला जमत नाही ते. कान लाल होतात.”

मी खरं लिहिलं. ‘नऊपैकी नऊ मुद्दे बरोबर आहेत. तक्रारदाराचा अभ्यास वाखाणण्यासारखा आहे. उपाय सोबत जोडले आहेत.’ उपाय तरी कुठून आणणार? निबंधाच्या कच्च्या वहीत होते, तेच उतरवून काढले.

वाटलं, संपलं. छे! आरोपीनेच कबुली दिली म्हटल्यावर चौकशी समिती नेमावी लागते. समितीत तीन जण हवेत. अध्यक्ष साहेब, सचिव आवककाका आणि तिसरा सदस्य असा, ज्याला औषधसाठ्यातलं कळतं. साऱ्या दवाखान्यात असा माणूस एकच निघाला. मला नेमणुकीचं पत्र आलं!

चौकशीच्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत सदस्याच्या खुर्चीवर जाऊन बसले. समोर आरोपीचं स्टूल रिकामं.

“सुरू करा,” साहेब म्हणाले.

“भांडारपालांना विचारायचंय,” मी घसा साफ केला, “की तापमानाची वही आठवड्याची एकदम का भरली जाते? तर त्याचं असं आहे...”

“थांबा!” आवककाका पेन खाली ठेवून म्हणाले. “उत्तर स्टुलावरून द्या. इतिवृत्तात गोंधळ होतो.”

मी उठून स्टुलावर गेले. म्हटलं, “फ्रिजमधला तापमापक फुटलाय, तीनदा मागणी केली, मिळाला नाही.” परत खुर्चीवर आले. “तीनदा? त्या मागण्यांचं काय झालं?” पुन्हा स्टुलावर. “त्यांना आवक क्रमांक मिळाले.” असं नऊ मुद्द्यांसाठी! शेवटी मला धाप लागली आणि साहेबांनी पाणी मागवलं. पहिल्यांदा कुणाला द्यायचं, सदस्याला की आरोपीला, यावर आवककाका थोडा वेळ अडले.

सगळं संपल्यावर साहेबांनी मला हळूच विचारलं, “मॅडम, तुम्ही अनुभवी आहात. ही भाषा कुणाची वाटते?”

माझे कान तापले. मी म्हटलं, “माणूस चांगला शिकलेला वाटतो.”

“शिकलेला? वाक्यं बघा केवढी लांब! श्वास घ्यायला जागा नाही!” मग टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, “असा माणूस गप्प बसत नाही. उद्या हे बाहेर पाठवेल. पार परदेशातसुद्धा पाठवेल! त्याआधी नऊच्या नऊ मुद्दे निकाली काढा.”

मी मान हलवली. दुसरं काय हलवणार?

आणि खरंच सांगते, बावीस वर्षांत जे झालं नाही ते पाच आठवड्यांत झालं! शिडी आली. तापमापक आले, एक नाही, चार. डब्यांसाठी वेगळा फ्रिज आला. छत दुरुस्त झालं. वरच्या फळीवर खोकल्याचं औषध नव्हतंच, मुदत संपलेल्या मलमांची तेरा खोकी होती. ती रीतसर नष्ट केली. भिंतींना रंग दिला. मी रोज सकाळी भांडारात शिरले की उगाचच दोन मिनिटं उभी राहून बघायची. डोळे भरून यायचे. हे मी कागदावर मांडलेलं भांडार होतं, आणि आता ते खरोखर तसं होतं.

त्याच आठवड्यात संदेश आला: प्राथमिक निवड झाली! मुलाखत संगणकावरून, कामाच्या ठिकाणाहून द्यावी, म्हणजे परीक्षकांना तिथल्या अडचणी प्रत्यक्ष पाहता येतील.

अडचणी! मी भांडारभर नजर फिरवली. दाखवायला एकही अडचण उरली नव्हती!

मुलाखतीच्या दिवशी सकाळी अकराला मी संगणकासमोर बसले आणि दार उघडून साहेब आत आले. कडक इस्त्रीचा शर्ट, नवा टाय. मागून आवककाका, वही घेऊन.

“पत्र मीच दिलंय तुम्हाला. परदेशी मंडळी आहेत, प्रास्ताविक मी करतो,” असं म्हणून साहेब माझ्या शेजारीच खुर्ची ओढून बसले. मी नको म्हणेपर्यंत पडद्यावर तीन चेहरे उमटलेसुद्धा.

मधल्या पिकल्या केसांच्या बाईंनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, “तुमचा निबंध आम्हाला फार आवडला. मी त्यातलं थोडं वाचते.”

“नको, वेळ कशाला...” मी म्हटलं.

त्यांनी वाचलं. फ्रिज, डबे, सोमवारी भरलेली वही, कोरड्या जागेवरची गळती. दुसऱ्या मुद्द्याला साहेबांची मान वळली. चौथ्याला ते पूर्ण माझ्याकडे वळले. मागे आवककाकांची वही खाली पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

“पण मागे तर सगळं व्यवस्थित दिसतंय,” बाई म्हणाल्या. “निबंधात अतिशयोक्ती आहे का?”

आता हो म्हटलं तर शिष्यवृत्ती जाणार, नाही म्हटलं तर साहेब जागच्या जागी पत्र मागे घेणार. पंचेचाळीशी तोंडावर, तेवीस वर्षं मागे. सासूबाईंचं म्हणणं आठवलं आणि मी ठरवलं, कान लाल करायचेच नाहीत.

सगळं सांगितलं! कौतुकाची हाव, टाचणी, शिक्का, माझाच मला खुलासा, खुर्ची आणि स्टूल. एका दमात, श्वास न घेता सांगितलं आणि शेवटी म्हटलं, “निबंधातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणूनच आज खोटा दिसतोय.”

तिन्ही चेहरे स्तब्ध. मला वाटलं, नेट गेलं. मग डावीकडचे गृहस्थ हसू लागले, मग उजवीकडच्या बाई, आणि मधल्या बाईंनी तर चष्मा काढून डोळे पुसले. मग त्या साहेबांकडे वळल्या.

“आणि या नऊ सुधारणा तुम्ही पाच आठवड्यांत केल्या? नावही नसलेल्या कागदावरून?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. टाय सरळ केला.

“अर्थात!” ते म्हणाले. “आमच्याकडे तक्रारीची दखल घेतली जाते. आणि अशा कर्मचाऱ्यांना तर मी स्वतः प्रोत्साहन देतो!”

मागून आवककाकांनी हे लिहून घेतलं. एकदा लिहिलं म्हणजे ते बदलत नाही, हे साहेबांनाही ठाऊक होतं.

बाईंनी विचारलं, “हा प्रसंग नाव न घालता आम्ही अभ्यासक्रमात वापरला तर चालेल?” मी म्हटलं, “खुशाल!”

शिष्यवृत्ती मिळाली! जगभरातून चाळीस जण निवडले, त्यात मी. पत्र वाचताना सासूबाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता आणि नवरा एकही पायरी न विचारता नुसता हसत होता. मी रडले. तेवीस वर्षांचं एकदम रडले. साहेब तर हल्ली मला विचारतात, “मॅडम, पुढचा निबंध कशावर? आधी सांगा, दुरुस्त करून ठेवतो.”

गेल्या महिन्यात पहिल्या सत्राची परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका उघडली तर वीस गुणांना एक प्रसंग दिलेला: एका दवाखान्यातली भांडारपाल, तिचा निबंध, तिलाच आलेली नोटीस! ‘या भांडारपालाने असे का केले असावे, ते लिहा.’ मी आनंदाने ओरडलेच! हे उत्तर माझ्याइतकं जगात कुणाला येणार? चार पानं लिहिली.

काल गुण आले. वीसपैकी सात. शेजारी परीक्षकांचा शेरा होता. नवऱ्याने तो मोठ्याने वाचला: “उत्तर पुस्तकी आणि अवास्तव वाटते. विद्यार्थिनीने एखाद्या औषध भांडारात जाऊन काही दिवस प्रत्यक्ष काम करून पाहावे.”

“बरोबरच सांगतात ते,” सासूबाई म्हणाल्या. “उद्यापासून जरा वेळेवर जात जा.”