टस्कॉरा खोऱ्यातली स्नेहफेरी

माणूस चोरी कबूल करतो, कर्ज कबूल करतो, क्वचित स्वतःचं वयही कबूल करतो. पण आपल्या घरात किडे झालेत, हे तो मरेपर्यंत कबूल करत नाही. जगातल्या बऱ्याच संस्था या एका सत्यावर उभ्या आहेत. आमचं टस्कॉरा खोरे सर्पपालक मंडळ तर दोन्ही पायांवर उभं आहे.

मंडळ दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ओहायोतल्या आमच्या गावी, लूथरन चर्चच्या तळघरात भरतं. मी अर्डिस, मंडळाची सर्वांत जुनी सभासद. (सापांमध्येही माझ्याएवढं कुणी नाही, पण एकदोघं जवळ पोचलेत.)

आता मूळ विषय. पाळलेल्या सापाला एक किडा होतो. गोचिडीचा चुलतभाऊ म्हणा. काळा, दळलेल्या मिरीच्या कणाएवढा. खवल्यांखाली, हनुवटीच्या घडीत, डोळ्याच्या कडेला दडतो आणि रक्त पितो. साप बिचारा खाजवू शकत नाही (हात नसण्याचे जे तोटे आहेत त्यांतला हा मोठा), म्हणून तो पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो आणि दिवसभर उठत नाही. मंडळात या किड्याचं नाव घेण्याची पद्धत नाही. आम्ही फक्त ‘ते’ म्हणतो.

पूर्वी आम्ही मागासलेले होतो. आमचे आताचे अध्यक्ष ऑरिन स्टाल्टर, त्यांची बायको वेल्मा, ही त्या मागासलेपणाची पुढारी. सकाळी सकाळी फोन वाजायचा आणि वेल्मा ओरडायची, “अगं अर्डिस, माझ्याकडे किडे झालेत गं! शनिवारी माझा साप गळ्यात घालून मिरवत होतीस ना? मग जा, तुझे पिंजरे बघ आधी!” असा ती एकेका घरी फोन करायची. मग आम्ही चारजणी तिच्याकडे जमायचो. पिंजऱ्यातला भुसा अंगणात जाळायचो, लाकडं फेकायचो, पेट्या कढत पाण्याने धुवायचो, आत साधा पांढरा कागद अंथरायचो. साप कोमट पाण्यात बसवायचो आणि त्यांची आंघोळ होईतो वेल्माने भाजलेला रूबार्बचा पाय, म्हणजे आंबटगोड सारणाचा केकसारखा गोड पदार्थ, खायचो. अंडी फुटून नवे निघतात, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तोवर कुणी कुणाचा साप हातात घ्यायचा नाही. अशा रीतीने गावभर बोभाटा होऊन साप बरे व्हायचे. ही काही सुसंस्कृत माणसांची रीत नव्हे.

वेल्मा गेली आणि मंडळाची प्रगती झाली. सचिव ड्वेन केटरिंग यांनी ‘शुद्ध संग्रह’ हे सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र काढलं. ते ज्याने त्याने स्वतः सही करून स्वतःला द्यायचं. (आपल्या घराची माहिती आपल्यापेक्षा दुसऱ्याला जास्त कशी असेल, हा सचिवांचा मुद्दा बिनतोड होता.) आधी वर्षाला सहा-सात घरांत ‘ते’ व्हायचे. प्रमाणपत्र आल्यापासून शून्य. शेजारच्या काउंटीत प्राण्यांचे दोन डॉक्टर आहेत, तरी त्यांना हे साधलेलं नाही.

सभेच्या आरंभी स्नेहफेरी होते. सगळ्यांनी गोल उभं राहायचं, घरून एक साप आणायचा आणि तो डावीकडच्याच्या हातात द्यायचा. आपला साप फिरून आपल्याकडे आला की कॉफी. पूर्वी वेल्माचा फोन आला की फेरी बंद व्हायची. आता फोन येत नाही, त्यामुळे फेरी अखंड चालते. आणि ‘आज मी साप देत नाही’ असं जो म्हणेल त्याच्याकडे ‘ते’ आहेत हे उघडच असल्याने, तसं कुणी म्हणत नाही. ज्यांच्याकडे असतात ते तर मुळीच नाही.

याचा परिणाम असा, की सगळे सभासद महिनाभर घरी, पडदे ओढून, अतिशय मेहनतीने सापांची सफाई करतात. मग पहिल्या शनिवारी स्वच्छ झालेला साप आणून फेरीत देतात, आणि उरलेल्यांचं जे काही असेल ते घेऊन घरी जातात. समाजात देवाणघेवाण हवीच.

औषध गावात कुणी घेत नाही. तासाभराच्या अंतरावर एक दुकान आहे. मागे एकदा तिथे ड्वेन भेटला. डोळ्यांवर टोपी ओढलेली, हातात फवारणीच्या बाटल्या.

“मेव्हण्याच्या कोंबड्यांसाठी,” तो म्हणाला.

“मीही मेव्हण्याच्या कोंबड्यांसाठीच,” मी म्हटलं.

गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, “तुमच्या खोऱ्यात मेव्हणे फार आहेत हो.”

असं सगळं सुरळीत चालू असताना बिस्किट पाण्यात जाऊन बसली.

बिस्किट म्हणजे वेल्माची अजगरीण. तिशीला आलेली, आठ फूट लांब, स्वभावाने गाय. वेल्माच्या मागे तिला ऑरिन सांभाळतो. त्या उन्हाळ्यात ती भांड्यातून बाहेर येईना. सभेत ड्वेनने विचारलं, “अध्यक्ष, बिस्किटला पोहायचा नाद लागलाय म्हणे?”

“या वयात व्यायाम हवाच,” ऑरिन म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण फेरीत ती माझ्या हातात आली तेव्हा मी तिला एकटीने उचललं. पूर्वी दोन माणसं लागायची. तोंडाच्या आतला गुलाबी रंग पार उडाला होता. दोन महिन्यांत तिने एकही उंदीर खाल्ला नव्हता.

त्याच आठवड्यात ऑरिन दारात उभा. पोटाशी उशीचा फुगलेला अभ्रा, त्यात बिस्किट.

“अर्डिस, माझा एक मित्र आहे.”

“तुला? कधीपासून?”

“ऐक तर. त्याच्याकडे... ते झालेत. तो धुतो, उकळतो, कागद बदलतो. जातात. मग पुन्हा येतात.”

“कधी येतात?”

“पहिल्या शनिवारनंतर.”

“मग मित्राला म्हणावं, शनिवारी घरी बस.”

“कसा बसेल? तो अध्यक्ष आहे.” मग लगेच सावरून, “म्हणजे, दुसऱ्या एका मंडळाचा.”

मी कॉफी ठेवली. अभ्रा त्याच्या मांडीवर हळूच हलला.

“वेल्मा असती तर काय केलं असतं गं?”

“फोन केला असता.”

“मला नाही जमणार. माझं प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावलंय.”

“काढ ना मग.”

“त्याच्यामागे भिंतीचा रंग गेलाय.” तो अभ्र्यावरून हात फिरवत राहिला. “अर्डिस, वेल्माने वाढवलेलं आणि अजून हलतंय असं घरात हे एकच राहिलंय. मला धरलं तर दोन. आणि माझाही काही भरवसा नाही.”

पुढच्या सभेत मी ठराव मांडला: कै. वेल्मा स्टाल्टर यांच्या पुण्यतिथीनिमित्त तीन महिने स्नेहफेरी बंद ठेवून मौन पाळावं. सापांच्या मानसिक विश्रांतीवर मी छोटं भाषण तयार करून नेलं होतं. त्याची गरज पडली नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ड्वेनने अनुमोदन दिलं. ठराव एकमताने मंजूर झाला. मतं तर उपस्थितांपेक्षा जास्त पडली, कारण काहींनी दोन्ही हात वर केले. वेल्माची पुण्यतिथी मार्चमध्ये येते आणि आपण सप्टेंबरात आहोत, हे कुणीही बोललं नाही. मंडळाच्या इतिहासात प्रथमच जेवणातलं ट्यूना माशाचं कॅसरोल तसंच टाकून माणसं घरी पळाली. त्या रविवारी खोऱ्यात अंगणाअंगणातून भुशाचा धूर निघत होता.

डिसेंबरात फेरी पुन्हा सुरू झाली तेव्हा बिस्किटला उचलायला दोन माणसं लागली.

“पोहणं सोडलं वाटतं?” ड्वेनने विचारलं.

“थंडी आहे,” ऑरिन म्हणाला. आणि मान वळवून बराच वेळ चष्मा पुसत बसला.

इतिवृत्तात नोंद आहे: “मौनकाळात मंडळात ‘ते’ आढळले नाहीत. त्याआधीही आढळले नव्हते. फरक उल्लेखनीय आहे.”

तेव्हापासून कुणाचा साप पाण्यात बसू लागला की तो सभासद मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, “अर्डिस, वेल्माची पुण्यतिथी जवळ आली का हो?” मी म्हणते, आली. गेल्या वर्षी ती चार वेळा आली. जी बाई जन्मभर गावाला ओरडून सांगत राहिली, तिच्या नावाने आम्ही आता गप्प बसतो, आणि गुण अगदी तोच येतो. फक्त रूबार्बचा पाय मिळत नाही.

तुम्ही हसा. हा किडा माणसाच्या अंगावर राहत नाही, कागदावर तर नाहीच. तरी मघापासून तुम्ही दोनदा मान खाजवलीत. शेजारच्याने विचारलं तर म्हणालात, “कुठे काय, काही नाही.” शाबास. कोरं प्रमाणपत्र पाठवून देते. सही तुमची तुम्हीच करा.