आमटीत पडलेला मोबाइल

"ज्या देशाकडे तेलाशिवाय विकायला काहीच नाही, तो देश..." एवढं म्हणून उत्तरानं पळी उचलली, कोपर लागलं आणि ओट्यावर टेकवून ठेवलेला मोबाइल उकळत्या आमटीत गेला. चिमट्यानं बाहेर काढला तेव्हा त्याला कोथिंबीर चिकटली होती आणि त्याचा जीव गेला होता.

दहा वाजता रॉटरडॅमच्या विद्यापीठात तिचं सादरीकरण होतं. समितीला पटलं तर नोकरी आणखी दोन वर्षं. नाही तर चंबूगबाळं आवरून पुण्याला परत. विषय तोंडपाठ होता. तेल आयतं मिळालं म्हणून दुसरं काही बनवायला कधी शिकलाच नाही, असा एक देश. तेलाचा भाव पडला की तिथली इस्पितळं, शाळा, पगार, सगळंच अडतं. तिथल्या अर्थमंत्र्यांना तर तिनं प्रबंधात एक अख्खं पान झोडपलं होतं. इतकी वर्षं हे गृहस्थ झोपा काढत होते का?

खाली आली तर सायकलचं कुलूप उघडेना. ते मोबाइलनं उघडायचं. हा सगळा नवऱ्याचा, सुदर्शनचा उद्योग. "अगं, सगळं एकाच ठिकाणी! काही टेन्शनच नाही," म्हणत त्यानं दिवाळीच्या साफसफाईत तिची पर्ससुद्धा रिकामी केली होती. ट्रामचं तिकीट मोबाइलमध्ये, पैसे मोबाइलमध्ये. तो स्वतः सकाळीच अ‍ॅमस्टरडॅमला झुइडास भागातल्या ऑफिसात गेलेला आणि त्याचा नंबरही मोबाइलमध्येच. ती पावसात चाळीस मिनिटं चालली. छत्री पहिल्याच पुलावर उलटी झाली.

विद्यापीठात लॅपटॉपनं कोड मागितला. मदतकक्षातला तरुण फार गोड बोलला.

"काळजी करू नका, तुमच्या मोबाइलवर कोड पाठवतो."

"मोबाइल आमटीत पडलाय हो!"

"अरेरे. मग कोड कुठे पाठवू?"

शेवटी एकही आलेख न दाखवता, निथळत ती समितीपुढे उभी राहिली. "सगळं एकाच गोष्टीवर टांगलेलं असतं. सोपं पडतं ना! ती गोष्ट गेली की कळतं, आपल्याला दुसरं काही येतच नाही. काही म्हणजे काही नाही!" समोरच्या वृद्ध प्राध्यापकांनी चष्मा पुसला.

"उत्तरा, इतक्या पोटतिडकीनं या देशाबद्दल कुणी बोललं नव्हतं," तिच्या मार्गदर्शक हानेका म्हणाल्या. "दोन वर्षं दिली!"

उत्तराला रडूच आलं.

"फक्त पाचच्या आत करार मंजूर कर, नाही तर जागा जाईल. मोबाइलवर कोड येईल."

"कागदावर सही केली तर?"

"कागद? तो मार्चमध्येच बंद केला. आता सगळं एकाच ठिकाणी असतं. काही टेन्शनच नाही."

उत्तरा मटकन खुर्चीत बसली. अर्थमंत्र्यांवरचं ते पान तेवढं प्रबंधातून काढून टाकावं, असं तिला मनापासून वाटलं. पण त्यालाही कोड लागणार होता.